एकाच रिंगचं कोर्ट

दुसऱ्या खेळांत मेडलं साठतात. आमच्या बास्केटबॉलमध्ये, निदान आमच्या सोलापुरात, किस्से साठतात. मेडल कपाटात ठेवून कुलूप लावता येतं. किस्स्यांना कुलूप नाही. चार जुन्या खेळाडू बायका चहाला बसल्या की ते आपोआप बाहेर येतात. सुरुवातीला सगळ्या हसतात. हळूहळू हसणं कमी होत जातं आणि कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे गं, अजून एक चहा सांग."

मी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. संध्याकाळी शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलींना बास्केटबॉल शिकवते. पगार पहिल्या कामाचा मिळतो, ब्लडप्रेशर दुसऱ्या कामाचं. माझ्या जोडीला नफिसा असते. आम्ही दोघी एकाच संघातून खेळलो. ती आता बँकेत आहे आणि सुट्टीच्या दिवशी मॅचचा स्कोअर लिहायला टेबलावर बसते. मुली तिला आपा म्हणतात. हे किस्से आमच्या दोघींचे आणि राणीचे आहेत. राणी कोण, ते सांगतेच.

*

आधी कोर्ट. बास्केटबॉलच्या कोर्टला दोन टोकांना दोन रिंगा असतात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या नगरसेवकांनाही माहीत असावं, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

आमच्या कोर्टच्या एका टोकाला कडुलिंबाचं झाड आहे, दुसऱ्या टोकाला भिंत. भिंतीकडचा खांब नगरसेवकसाहेबांच्या पुतणीच्या लग्नाच्या मांडवाला आडवा येत होता. मांडववाल्यांनी तो रिंगेसकट कापून नेला. मी धावत गेले, तर साहेब हसून म्हणाले, "टेंपररी हाय मॅडम. लगीन झालं की बसवून देतो."

लग्न झालं. पुतणीला मुलगी झाली. ती मुलगी आता आमच्याच शाळेत बालवाडीला येते. खांब काही आला नाही. तेव्हापासून आमच्या कोर्टवर एखादी गोष्ट टेंपररी आहे म्हटलं की मुली समजतात, ही आता आयुष्यभर अशीच राहणार.

दरवर्षी मी साहेबांना भेटायला जायची, दरवर्षी ते चहा पाजायचे. एकदा मी आवाज चढवला. तेव्हा ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पोरी एका वेळी एकाच रिंगमधी बॉल टाकत्यात न्हवं? मग दुसरी काय पूजा करायला?"

नफिसा माझ्यासोबत होती, बाहेर येऊन तिने चपला घातल्या. मग म्हणाली, "इसका जवाब मेरेकू भी नै सुच्या गे."

*

एका रिंगवर शिकलेल्या मुलींना जगात दोनच दिशा असतात, लिंबाकडं आणि भिंतीकडं. लिंबाकडं म्हणजे हल्ला. भिंतीकडं म्हणजे पाणी प्यायला जायचं, कारण बाटल्या भिंतीशी ठेवलेल्या असतात. मीही त्यातलीच झाले. परगावच्या बंद हॉलमध्ये, जिथे झाडाचं पानसुद्धा दिसत नाही, तिथे मी काठावरून ओरडले, "लिंबाकडं पळ, लिंबाकडं!" आमच्या पाचही पोरी बरोबर दिशेला पळाल्या. समोरच्या संघाचा कोच मात्र वर छताकडे बघायला लागला.

पण मध्यंतर झालं की घात व्हायचा. मध्यंतरानंतर दोन्ही संघांच्या बाजू बदलतात. आतापर्यंत जी रिंग आपली, ती आता राखायची असते. एका मॅचला आमच्या एका पोरीने मध्यंतरानंतरचा पहिलाच बॉल झेलला आणि उंच उडी मारून स्वतःच्याच राखायच्या रिंगमध्ये टाकला. वर दोन्ही हात उंचावून आमच्याकडे बघून हसली. अशा वेळी दोन गुण समोरच्या संघाला मिळतात आणि त्यांच्या कॅप्टनच्या नावावर लागतात. असा नियमच आहे. टेबलावर नफिसा होती. तिने मान खाली घालून लिहिलं.

मॅच संपल्यावर ती पोरगी टेबलाशी गेली. "आपा, माझं नाव कुटं लिवलंय?"

"नै बेटा," नफिसा म्हणाली. "इसमें नाम नै आता."

पुढे कित्येक वर्षं आम्ही हे सांगून हसत होतो. आता हा किस्सा मी शक्यतो सांगत नाही.

*

राणी मोहोळची. तिच्या वडिलांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांचं हायवेला वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. घरची शेती त्यांचा भाऊ बघतो. आण्णा बोलायला फार कमी. राणी नववीत असताना ते तिला घेऊन शाळेच्या गेटवर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी लई उंच हाय. हिला उंचीचं काय काम असंल तर बघा."

मी राणीला रिंगेखाली नेलं, हातात बॉल दिला. तिने वर बघितलं. रिंगेतून आभाळ दिसत होतं.

"मॅडम, ह्याला बूड न्हाय?"

"नाही."

"म्हंजी एवढ्या कष्टानं आत टाकायचा आन् खाली पडू द्यायचा?"

मी म्हटलं, "बाळा, तुला खेळ समजला."

तेव्हापासून ती रोज यायची. आण्णा दुकानाचा टेंपो घेऊन तिला न्यायला यायचे आणि खेळ संपेपर्यंत भिंतीला टेकून, बाटल्यांच्या शेजारी बसायचे. इतक्या वर्षांत खेळाबद्दल एक शब्द बोलले असतील तर शपथ. वेल्डिंगने त्यांचे डोळे कायम लाल आणि अर्धे मिटलेले. बसल्या बसल्या झोपतात की बघतात, आम्हाला कधी कळलं नाही. नफिसा म्हणायची, "सोते होंगे बिचारे."

*

राणी कॉलेजात गेली आणि जेऊरहून एक स्थळ आलं. चुलतीने तिला आधीच बजावलं होतं, पाहुणे जाईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. पोहे तिच्यासमोर, चहा तिच्यासमोर. राणी पाटावर बसूनच सगळ्यांना वाढत होती. लांबच्या पाहुण्यालाही तिचा हात पुरत होता, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. शेवटी मुलाचे वडील प्रेमाने म्हणाले, "आता नमस्कार कर पोरी."

राणी उभी राहिली. मुलाची आई वर बघत बघत म्हणाली, "आमच्या दाराची चौकट बदलावी लागंल की हो."

आणि आण्णा, जे दिवसभर एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "चौकट मी करून देतो. लोखंडाची."

राणीने हे मला कोर्टवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. ती हसली नाही. "मॅडम, खरंच सांगतीय. आण्णा दुसऱ्या दिवशी माप घ्यायला निघाले हुते."

म्हणजे लग्न जमत आलं होतं. मग मात्र मी मोहोळला गेले. राणी तेव्हा महाराष्ट्राकडून खेळत होती, इंडियाच्या कॅम्पसाठी तिचं नाव चर्चेत होतं. मी हे सगळं सांगितलं. तिचा चुलता पान जमवत ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, ही पळती, घाम काढती, घरी येती. नांगरट तरी झाली का कुटं?"

आण्णा मला दारापर्यंत सोडायला आले. "मला खेळातलं कळत न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "भावकी रोज इचारती, मला तोंड न्हाय. एक डाव तिला इंडियाच्या ड्रेसात बॉल आत टाकताना सगळ्यांनी बघू द्या. एकच. मग जेऊरवाल्यांना मी न्हाय म्हणून सांगतो. ती म्हणंल तंवर खेळू दे."

एक बास्केट. आयुष्यभर ज्या पोरीने दुसरं काही केलं नाही, तिच्यासाठी ही काय अट झाली? मी एसटीत बसून मोठ्या खुशीत सोलापूरला आले.

*

राणीची निवड झाली. आशियातल्या देशांच्या महिला संघांची मोठी स्पर्धा, परदेशात, आणि इंडियाच्या संघात आपली राणी. मी आणि नफिसा शाळेच्या जिन्यात बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी नगरसेवकांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर साहेबांचा फोटो मोठा, साहेबांच्या नेत्यांचे फोटो मध्यम आणि राणीचा फोटो कोपऱ्यात. फ्लेक्स बांधायला उंच खांब पाहिजे होता, म्हणून तो आमच्या उरलेल्या एकुलत्या एक रिंगेवर बांधला. रिंग झाकून गेली. फ्लेक्स काढेपर्यंत आमच्या मुली प्रॅक्टिसला येत आणि राणीच्या अभिनंदनाखाली बसून परत जात.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "टेंपररी हाय मॅडम."

*

स्पर्धेआधीच्या कॅम्पला पोचल्या दिवशी राणीचा फोन आला. मला वाटलं, जेवण कसं आहे, खोली कशी आहे सांगेल. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, हितं लई रिंगा हाइत. जिकडं बघावं तिकडं रिंगच."

"मग चांगलंच आहे की."

"व्हय. पर मला सारखं भिंत कुटंय ते बघावं लागतंय."

*

स्पर्धा सुरू झाली. इंडिया पहिली मॅच हरली. दुसरी हरली. नुसती हरली नाही, समोरच्या मुलींनी अशी धुलाई केली की मोबाइलवर बघताना मी स्कोअरच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवायला लागले.

राणी बाकावर होती. आण्णांच्या दुकानात रोज गर्दी जमायची. मोबाइल टीव्हीला जोडलेला, शटर अर्धं खाली. खेळ चालू असताना राणी दिसायची नाही. टाइमआउट झाला की कॅमेरा बाकाकडे वळायचा, आणि आमची राणी सगळ्यांच्या मागे उभी राहून एकीला टॉवेल आणि दुसरीला पाण्याची बाटली देताना दिसायची.

चुलता म्हणाला, "पाणीच द्यायचं हुतं तर आपल्या शेतात काय कमी बाया हुत्या? त्याला इमानात बसून कशाला जायला पायजे?"

सगळे हसले. आण्णा उठले आणि मागे जाऊन एका ट्रॉलीचा जोड घासत बसले. जेऊरवाल्यांचा रोज फोन येत होता, असं राणीच्या आईने मला नंतर सांगितलं.

*

शेवटच्या मॅचला मी आणि नफिसा मोहोळलाच गेलो. दुपारची वेळ होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं ट्रॉलीवर चढून बसली होती, बायका दाराशी. कोणीतरी हलगी आणून ठेवली होती आणि फटाक्यांची माळसुद्धा होती. आण्णा टीव्हीपासून लांब, ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून उभे होते.

इंडिया इतकी मागे पडली की स्कोअर बघायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. लोक फक्त राणीसाठी बसले होते. मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. आणि कोचने बाकाकडे हात केला.

राणी उभी राहिली. मोहोळचं ते दुकान दणाणून गेलं. नफिसाने माझा हात धरला. टीव्हीवर एका रिंगेच्या मागे जाहिरातीचा मोठा हिरवा पडदा होता. तो हिरवा मला थेट आमच्या लिंबासारखा दिसला आणि मी टाचा उंचावल्या. कारण ती रिंग आता आपण राखायची होती.

समोरच्या मुलीने तिथे बॉल मारला, तो कड्याला आपटून उडाला. गर्दीतून राणीचा हात सगळ्यांच्या वर गेला आणि तिने तो झेलला. तिला आम्ही पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं. रिंगेखाली बॉल मिळाला की खाली आणायचा नाही, थांबायचं नाही, तसाच परत आत. तिने तो खाली आणला नाही. थांबली नाही. मी तिला इतकी देखणी उडी मारताना कधी बघितलं नव्हतं. कड्याला न लागता बॉल आत गेला.

दुकानात काय झालं ते मला सांगता येणार नाही. हलगी वाजायला लागली, माळ पेटली, चुलत्याने आण्णांना मिठी मारली, बायका एकमेकींना साखर भरवायला लागल्या. टीव्हीचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता. कोपऱ्यात समोरच्या संघाचे गुण दोनाने वाढले. ते मी बघितले आणि नफिसाने बघितले.

राणी जमिनीवर आली आणि तशीच उभी राहिली. तिने तोंडावर हात ठेवला. कॅमेरा जवळ गेला.

"बघा, किती साधी हाय," एक आजी म्हणाली. "एवढं करून बी नाचत न्हाय. रडाया लागली आनंदानं."

कोचने तिला लगेच बाहेर बोलावलं. मोहोळकरांना वाटलं, काम झालं म्हणून बोलावलं.

आण्णा गर्दीतून माझ्यापाशी आले. लाल डोळे, अर्धे मिटलेले. "बॉल आत गेला न्हवं, मॅडम?"

मी म्हटलं, "गेला, आण्णा."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांनी तिथेच जेऊरला फोन लावला. "पोरगी खेळणार हाय अजून. तुमी दुसरीकडं बघा."

परतीच्या एसटीत नफिसा खिडकीकडे तोंड करून बसली होती. टेंभुर्णीकडची उसाची ट्रॉली पुढे चालली होती, एसटीला वाट मिळत नव्हती. नफिसा म्हणाली, "अब ये कौन बोलेगा गे?"

मी तिकीट दुमडून पर्समध्ये टाकलं.

*

राणी परत आली. मोहोळ स्टॅंडपासून मिरवणूक निघाली. आण्णांनीच बनवलेल्या नव्या ट्रॉलीत तिला हार घालून उभी केली. आमचे नगरसेवक सोलापूरहून शाल घेऊन आले आणि भाषणात म्हणाले, "लोक मला इचारत्यात, राणीच्या यशाचं कारण काय? मी म्हणतो, एकाग्रता. आमच्या कोर्टवर आम्ही एकच रिंग ठेवलीय, त्यामुळं पोरींचं ध्यान भरकटत न्हाय."

टाळ्या पडल्या. मी खुर्चीची दांडी धरून बसले. राणी शाल अंगावर घेऊन खाली बघत होती.

त्यानंतर ती कोर्टवर आलीच नाही. मी फोन करत राहिले. शेवटी एकदा बोलली. "मॅडम, जिकडं जावं तिकडं लोक मोबाइलवर त्योच इडिओ दाखवत्यात. शाळंतली पोरं मला बघून उडी मारून दाखवत्यात. कुणीतरी एक जण म्हणा की हे चुकलं."

"चुकलं," मी म्हटलं.

पलीकडे तिने दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमी म्हणून काय उपेग? आण्णांनी त्या बॉलवर जेऊरला न्हाय म्हटलंय. त्यांना कोण सांगणार? आन् न सांगता मी कशी खेळू? मला न्हाय खेळायचं आता."

मी कितीतरी मुलींना खेळ सोडताना बघितलंय. कुणी लग्नाने सोडला, कुणी गुडघ्याने, कुणी नोकरीने. टाळ्या ऐकून खेळ सोडणारी ही पहिलीच. मला खरंच वाटलं, संपलं. तिचंही संपलं आणि माझंही. इतकी वर्षं आपण ह्या सिमेंटवर काय केलं, असं नफिसाला विचारलं, तर ती म्हणाली, "चाय पिये."

*

त्यानंतर एका संध्याकाळी मुली लिंबाकडच्या रिंगेवर खेळत होत्या. शाळेच्या गेटातून ट्रॅक्टरचा आवाज आला. आण्णा ट्रॅक्टर चालवत आत आले. मागे ट्रॉलीत एक लांब लोखंडी खांब होता, नुकताच रंग दिलेला. खांबाला फळी होती आणि फळीला रिंग. ट्रॉलीत राणी बसली होती, खांब हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तिने मान वर केली नाही.

मुली खेळायच्या थांबल्या.

आण्णा खाली उतरले. पंच्याला हात पुसत कोर्टच्या मधून चालत, ते रोज ज्या जागी बसायचे त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम, पोरगी हितं एकाच रिंगवर शिकली, रोज बघत हुतो. हिकडं कुटं गाडायचा, तेवढं दाखवा."

मी म्हटलं, "आण्णा, परवानगी..."

"कुणी इचारलं तर सांगा, टेंपररी हाय."

नफिसाने तोंड फिरवलं. मी भिंतीपाशी गेले आणि बुटाने जागा दाखवली. राणी ट्रॉलीतून उतरली आणि तिथे ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलून बाजूला ठेवायला लागली.